आमची खुर्ची आत आहे

साठीनंतर माणसाने नवीन काही सुरू करू नये, असं आमच्या ह्यांचं मत आहे. साठीआधीही त्यांनी काही सुरू केलं नव्हतं, हा भाग वेगळा. मी एका जर्नलला संशोधन पाठवणार आहे, आणि तेही गुन्हेगारी आणि मानवी हक्क या विषयाला वाहिलेल्या जर्नलला, असं जेव्हा मी चहाच्या वेळी जाहीर केलं तेव्हा ह्यांनी शब्दकोड्यातून मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "यातल्या कशाशी तुझा संबंध आला? गुन्हेगारीशी की हक्कांशी?"

संबंध दोन्हींशी आला होता. माझी सगळी नोकरी तुरुंगात गेली. हे वाक्य मी चारचौघांत टाकलं की समोरचा माणूस आपली पर्स किंवा खिसा हळूच चाचपतो, म्हणून मी लगेच पुढचं सांगते. मी भेटीच्या खिडकीवर कारकून होते. कैद्याला भेटायला आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं, त्याला पितळी बिल्ला द्यायचा आणि आतून बोलावणं आलं की त्याचा नंबर पुकारायचा. या भेटीला तुरुंगात मुलाखत म्हणतात. मुलाखत जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून होते आणि घसा बसेपर्यंत ओरडून होते. ती पाच-दहा मिनिटांत आटोपते, पण तिच्यासाठी आधी अर्धा दिवस थांबावं लागतं. आणि थांबावं लागतं म्हणजे शब्दशः थांबावं लागतं, कारण आमच्या प्रतीक्षाखोलीत बसायला काहीही नव्हतं. बाक नाही, ओटा नाही. भिंतीला टेकलं की चुन्याने पाठ पांढरी होई. जमिनीवर बसण्यास मनाई अशी पाटी होती, वाट अडते म्हणून. वाट कोणाची अडते हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. खोलीत खुर्ची एकच, खिडकीच्या आतल्या अंगाला, आणि तिच्यावर मी.

त्या काळची माणसं मला अजून तोंडपाठ आहेत. ह्यांना काल काय भाजी होती ते आठवत नाही, पण मला पहिल्या वर्षीच्या रांगा आठवतात. एक बाई होती, तिला आम्ही बगळी म्हणायचो. मुलगा आत, खटला कधी उभा राहील याचा पत्ता नाही, आणि ही दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी हजर. ती एका पायावर उभी राहायची आणि दुसरा पाय पोटरीला टेकवून त्याला विश्रांती द्यायची. थोड्या वेळाने पाय बदलायची. खटल्याला तारीख मिळेपर्यंत तिचे केस पांढरे झाले, पण तोल कधी गेला नाही. आणखी एक आजोबा होते, ते उभ्याउभ्या झोपत आणि नंबर पुकारला की डोळे मिटलेलेच ठेवून बरोबर दारापर्यंत चालत जात. हल्लीच्या माणसांत ही कसरत राहिली नाही, असं मी म्हणणार होते. पण मध्यंतरी पेन्शनच्या एका दाखल्यासाठी तिकडे गेले, तर खोली तीच, पाटी तीच, भिंतीलगत उभ्या बायकाही तशाच. कोपऱ्यात एक अगदी तरुण मुलगी एक पाय पोटरीला टेकवून उभी होती. त्या दिवशी माझ्या डोक्यात बाक शिरला.

मी बाकासाठी अर्ज केला. खात्याच्या इमारत विभागातल्या साहेबांनी तो वाचला, मला समोरच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं पटतं मला. पण आठवणींवर बाक बसवता येत नाही. यंदा त्या खोलीची दुरुस्ती निघते आहे. एखाद्या जर्नलमध्ये छापून आलेलं संशोधन जोडलंत, तर त्यात बाक धरता येईल. नाहीतर नुसता रंग होईल."

म्हणजे मला लेखिका व्हायचं नव्हतं, विद्वान तर मुळीच नाही. मला भिंतीलगत एक लांब बाक हवा होता, आणि तिथे जाणारा रस्ता जर्नलमधून जात होता. हे मी सर्वांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

आमची सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तिचे स्वतःचे काही लेख जर्नलांत आले आहेत. ते घरात कोणी वाचले नाहीत, कारण त्यांत क्रियापदं फार कमी असतात. तिने माझी वीस पानं वाचली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, सुंदर आहे. पण हे संशोधन नाही."

"का?"

"यात संदर्भ कुठे आहेत? हे सगळं तुम्ही कशावरून लिहिलंय?"

"पाहिलंय म्हणून."

"तुम्ही पाहिलंय हा संदर्भ होत नाही. दुसऱ्या कोणी पाहून लिहिलं असेल तर होतो."

मग तिने जर्नलचं संकेतस्थळ उघडून दिलं. तिथे शिरण्यासाठी एक पासवर्ड करायचा होता. त्यात मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा आणि एक विचित्र चिन्ह हवं होतं. आमच्या तुरुंगाच्या मुख्य दरवाजाला एकच कुलूप होतं आणि त्यातून कोणी पळालं नाही. पासवर्ड झाल्यावर लेखाचा सारांश मागितला, मग सारांशाचा सारांश मागितला, मग कळीचे शब्द. मी 'बाक' हा एकच शब्द घातला. संगणकाने तो अपुरा ठरवला, म्हणून 'बाक नसणे' असा दुसरा घातला.

शेवटच्या पानावर मात्र गाडी अडली. संशोधनाला एका नीतिसमितीची मंजुरी हवी होती. ज्या माणसांवर संशोधन केलं त्यांना त्रास झालेला नाही, असं काही जबाबदार, त्रयस्थ आणि नियमित बैठका घेणाऱ्या व्यक्तींनी लिहून द्यायचं. सूनबाई म्हणाली, अशी समिती विद्यापीठात असते, बाहेरच्या माणसाला ती दारातही उभी करत नाही. नियमित बैठका घेणाऱ्या त्रयस्थ व्यक्ती माझ्या ओळखीत एकाच ठिकाणी होत्या, आणि त्या म्हणजे आमच्या सोसायटीची कमिटी.

आमचे सेक्रेटरी उत्साही गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे गोल शिक्का आहे आणि तो उमटवायला कागद कमी पडतात, ही त्यांची खरी व्यथा. माझा विषय त्यांनी कमिटीपुढे लिफ्टच्या आवाजानंतर आणि गच्चीवरच्या गळतीआधी घेतला. चर्चा बराच वेळ चालली. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काकू लोकांना नक्की काय करणार आहेत. मी म्हटलं, काही नाही, त्यांना बसवायचं आहे. कोणाला कशात बसवायचं नाही ना, एवढी खात्री करून घेऊन कमिटीने माझ्या संशोधनाला नैतिक मंजुरी दिली. अटी दोनच होत्या. संशोधनाचं सामान जिन्यात ठेवायचं नाही, आणि प्रत्यक्ष काम कमिटीच्या देखरेखीखाली करायचं. दुसरी अट कोणीच गंभीरपणे घेतली नव्हती. शिक्का मात्र फार सुरेख उमटला. जर्नलने तो कागद एका शब्दानेही न विचारता स्वीकारला, आणि माझा विद्वानांविषयीचा आदर तिथून थोडा उतरू लागला.

आता राहिली होती फक्त एक सूचना. लेख परीक्षकांकडे निनावी जाणार असल्याने लेखकाची ओळख पटेल असा कोणताही मजकूर त्यात नसावा. माझ्या वीस पानांत दर दुसऱ्या ओळीला मी होते. मी पाहिलं, मी विचारलं, मी बिल्ला दिला. हे काम शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी अंगावर घेतलं. त्यांना तांबड्या शाईची इतकी आठवण येत होती की त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला सगळीकडून काढून टाकलं.

"वहिनी, संशोधनात माणूस दिसता कामा नये," ते म्हणाले. "घटना आपोआप घडल्यासारख्या वाटल्या पाहिजेत."

बगळीचं वाक्य असं झालं: 'ज्येष्ठ महिला अभ्यागत भारवहनाचे कार्य उभय पायांमध्ये आळीपाळीने विभागून देत असल्याचे निदर्शनास आले.' झोपाळू आजोबा 'निद्राधीन अवस्थेतील मार्गक्रमण' या मथळ्याखाली गेले. मी तो लेख वाचला तेव्हा मलाच कळेना की हा कोणत्या तुरुंगाविषयी आहे, किंवा तुरुंगाविषयीच आहे का. ह्यांनीही वाचला आणि पहिल्यांदाच कौतुकाने म्हणाले, "हे तुझं वाटत नाही."

लेख गेला. बरेच दिवस काहीच नाही. दुरुस्तीचं काम कधीही सुरू होईल म्हणून मी रोज संगणक उघडून पाही आणि रोज तो 'विचाराधीन' म्हणे. आमच्याकडे कच्च्या, म्हणजे खटला न संपलेल्या, कैद्यांच्या नातेवाइकांना नेमका हाच शब्द सांगायची पद्धत होती. खिडकीच्या त्या बाजूने तो कसा ऐकू येतो ते मला आता कळलं.

अखेर परीक्षकाचं उत्तर आलं. त्यात भाषेचं कौतुक होतं. मुख्याध्यापकांनी तेवढा भाग सगळ्या मजल्यांवर वाचून दाखवला. पुढे लिहिलं होतं: 'तथापि, लेखकाने तुरुंगाची प्रतीक्षाखोली प्रत्यक्ष पाहिलेली दिसत नाही. एकदा तरी तेथे भेट देऊन लेख सुधारून पाठवावा.'

जिची उमेदीची वर्षंच काय, कंबरही त्या खोलीत खर्ची पडली, तिला हे ऐकवलं. मी दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, स्वयंपाकही 'विचाराधीन' आहे का. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, चला, तुरुंगात जायचं आहे.

ह्यांच्याकडे एक घडीची खुर्ची आहे. होती म्हणायला हवं. लोखंडी दांड्या, हिरवं कॅनव्हास, ह्यांच्या पाठीला बरोबर बसलेली. बागेत फिरायला जायचं तर ही खुर्ची काखोटीला मारून जायचं आणि बागेत पोचलं की तिच्यावर बसायचं, असं त्यांचं फिरणं. प्रतीक्षाखोलीत बसायला काही नाही हे त्यांनी माझ्याकडून एवढी वर्षं ऐकलं होतं, म्हणून खुर्ची बरोबर घेतली. दारावरच्या शिपायाने आमची झडती घेतली. मनाई असलेल्या वस्तूंत चाकू होता, तंबाखू होती, फोन होता. खुर्ची नव्हती. आम्ही आत गेलो.

खिडकीवर मीच शिकवून तयार केलेली बाई होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो, कारण ती नेमाने टिपते आणि एक दाणा सोडत नाही. मला पाहून ती उठून उभी राहिली, मॅडम म्हणाली, आणि मग बसून विचारलं, "कोणाला भेटायला आलात?"

मी म्हटलं, खोलीला.

खोलीला भेटायची तरतूद नव्हती, पण थांबायला मनाईही नव्हती. मी भिंतीलगत उभी राहिले आणि ह्यांनी मधोमध खुर्ची उघडली, बसले आणि शब्दकोडं काढलं. आता हे काही दुष्ट नाहीत. शेजारी एक म्हातारी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. तीन शब्द भरेपर्यंत ह्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या शब्दाला ते उठले आणि म्हणाले, "बसा हो. मी काय, रिकामाच आहे."

ती बसली. डोळे मिटले आणि पाठ टेकली. आमची निघायची वेळ झाली तरी तिचा नंबर आला नव्हता. बसलेल्या बाईच्या खालून खुर्ची काढणं ह्यांना जमेना. "उद्या नेतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर तिच्यावर एक पोटुशी मुलगी. त्यानंतर गेले तर एक गृहस्थ, पायाला प्लास्टर. दर वेळी खुर्चीवर असं माणूस की उठा म्हणायला जीभ रेटू नये. शेवटी एकदा, मी बरोबर गेले होते तेव्हा, खुर्ची रिकामी सापडली. ह्यांनी ती घडी करून काखोटीला मारली आणि दाराकडे निघाले, तर चिमणीने खिडकीतून हाक मारली.

"काका, ही वस्तू बाहेर नेता येणार नाही."

"माझीच आहे."

"असेल. पण आत आल्याची नोंद नाही. जी वस्तू आत आलेलीच नाही, ती मी बाहेर कशी सोडू?" आणि मग माझ्याकडे पाहून, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय."

हे वाक्य खरोखर माझंच होतं, आणि शब्द इतके नेमके लक्षात ठेवल्याबद्दल मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. ह्यांना वाटला नाही. पण नियम दोन्हीकडून चोख होता. खुर्ची डेडस्टॉकच्या, म्हणजे तुरुंगाच्या सामानसुमानाच्या, रजिस्टरात नव्हती, त्यामुळे ती तुरुंगाचीही नव्हती. जी वस्तू तुरुंगाची नाही ती हलवायचा, फेकायचा किंवा भंगारात काढायचा अधिकारही कोणाला नव्हता. ना आरोप, ना तारीख. आमची खुर्ची कच्ची कैदी झाली.

हे घरी येऊन पाठ धरून बसले. त्यांचे उसासे सोसायटीभर ऐकू गेले. सेक्रेटरींनी तातडीची बैठक घेतली आणि तिथे कोणाला तरी ती दुसरी अट आठवली. प्रत्यक्ष काम कमिटीच्या देखरेखीखाली करायचं होतं, आणि कमिटीने अजून काहीच देखरेख केली नव्हती. तर संपूर्ण कमिटीने तुरुंगात जायचं, संशोधनाची पाहणी करायची आणि येताना खुर्ची सोडवून आणायची, असा ठराव झाला. मी सर्वांना बजावलं की तिथे बसायला काही नाही. हे त्यांनी मात्र लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कमिटी गेटवर हजर झाली ती सोसायटीच्या हॉलमधल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन, प्रत्येकाची एक आणि पाहुण्यांसाठी चार जास्तीच्या.

मी म्हणाले, आधी नोंद करा. सेक्रेटरी म्हणाले, काकू, आपण काय इथे राहायला आलोय का. शिपायाने झडती घेतली. चाकू नाही, तंबाखू बरोबर आलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात सापडली, ती ठेवून घेतली. खुर्च्या आत गेल्या.

त्यानंतर जे झालं ते मी आधीच सांगितलंय असं समजा. कमिटी भिंतीलगत एका ओळीत बसली. समोर एका ओळीत बायका उभ्या होत्या. दोन्ही ओळींनी काही वेळ एकमेकींकडे पाहिलं. सर्वांत आधी डॉक्टरीणबाई उठल्या. मग एकेक जण उठत गेला, सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी, शिक्क्याची पिशवी छातीशी धरून. बायका बसल्या. कमिटी परत निघाली तेव्हा चिमणीने खिडकीतून नुसतं बोट हलवलं.

सोसायटीची वार्षिक सभा त्या साली उभ्याने झाली. दर साली जेवणाची वेळ टळेपर्यंत चालणारी सभा चहा निवायच्या आत संपली आणि सगळे विषय एकमताने मंजूर झाले, लिफ्टचा आवाजसुद्धा. काही सभासदांनी हीच पद्धत कायम ठेवावी अशी सूचना केली. ह्यांनी एकट्यांनी विरोध नोंदवला.

मी या सगळ्यात लेख पुन्हा लिहिला. मुख्याध्यापकांना न दाखवता, माझा सगळा 'मी' परत आत घेऊन. बगळीला एका पायावर परत उभं केलं. आजोबांना झोपेतून चालवलं. शेवटी लिहिलं की या खोलीत बसायला काही नाही आणि ते असायला हवं. सूनबाईने वाचलं आणि म्हणाली, "आता छापतील. नाही छापलं तर मी यांच्याकडे माझे लेख पाठवणं बंद करीन." ही धमकी जर्नलपर्यंत पोचायची सोय नव्हती, पण मला बरं वाटलं.

उत्तर आलं. मी ते छापून घेतलं, कारण पडद्यावर अपमान नीट वाचता येत नाही. 'सुधारित लेख अत्यंत जिवंत आहे,' परीक्षकांनी लिहिलं होतं. 'तथापि, लेखातील मुख्य दाव्याची खातरजमा करण्यासाठी आमच्या प्रतिनिधीने सदर प्रतीक्षाखोलीस समक्ष भेट दिली. तेथे अभ्यागतांसाठी पुरेशा खुर्च्या असून एक हिरवी खुर्ची विशेष आरामदायी आहे. लेखात मांडलेली समस्या अस्तित्वात नाही. सबब लेख नाकारण्यात येत आहे.' पाठोपाठ इमारत विभागातल्या साहेबांचाही फोन आला. आजी, तिथे बसायची व्यवस्था आहे असं कळलं, तेव्हा बाकाचा अर्ज निकाली काढतो, रंग मात्र करून घेऊ.

मुख्याध्यापक म्हणाले, अपील करा. सेक्रेटरी म्हणाले, निषेधाचा ठराव करू, शिक्का तयार आहे. ह्यांनी 'विशेष आरामदायी' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचायला लावले. हल्ली ते दर मंगळवारी खुर्चीच्या मुलाखतीला जातात. बायका त्यांना ओळखतात, उठून जागा देऊ करतात. ते नको म्हणतात, कॅनव्हासवरून एकदा हात फिरवतात आणि घरी येतात.

परवाच्या मंगळवारी मीही गेले. खोलीला नवा रंग लागला होता. तो इतका ताजा होता की टेकलं असतं तर पाठ पांढरीऐवजी पिवळी झाली असती, पण टेकलेलं कोणीच नव्हतं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. कोपऱ्यात ती तरुण मुलगी होती, पोटरीला पाय टेकवून उभी राहणारी. चपला काढून तिने दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले होते आणि मांडीवरचा डबा सांभाळत बसली होती. दोन्ही पायांना एकाच वेळी विश्रांती. बगळीला हे कधी साधलं नव्हतं.

मला पाहून ती सरकली, मग उठलीच. "बसा आजी. पाठीला जरा टोचतात या खुर्च्या, पण टेकायला बऱ्या आहेत. कोणी ठेवल्यात देव जाणे."

तेवढ्यात चिमणीने तिचा नंबर पुकारला आणि ती डबा घेऊन पळाली. मी बसले. खरंच टोचत होती, हॉलच्या सभेतही टोचायची. पर्समधून जर्नलचं पत्र काढलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. समस्या अस्तित्वात नाही. मग खोलीभर नजर फिरवली, त्या टोकापासून या टोकापर्यंत, आणि विद्वान परीक्षकांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत झाले.